शटल बसची संकटकालीन खिडकी रिकॉलमध्ये, पण आत बसणाऱ्यांना सांगणार कोण?

मधली_सीट:
मंडळी, गाड्यांमधलं मला फारसं कळत नाही, म्हणून इथल्या जाणकारांना विचारतेय. अमेरिकेत नोकरीला आहे. पार्किंगपासून ऑफिसपर्यंत कंपनीची शटल असते, २४ आसनी. बस कंपनीच्या मालकीची नाही, ठेकेदाराची आहे. परवा ड्रायव्हरच्या क्लिपबोर्डला एक पत्र लावलेलं दिसलं, वर ठळक अक्षरांत 'सेफ्टी रिकॉल', म्हणजे दोष निघाल्यामुळे बनवणाऱ्याने दुरुस्तीसाठी परत बोलावणं. मी टक लावून बघतेय म्हटल्यावर त्यानेच वाचायला दिलं.

मजकूर साधारण असा: काही बसमध्ये बाजूच्या संकटकालीन खिडक्यांची खिटी नीट सुटत नाही. लाल हँडल ओढलं तरी खिडकी बाहेर ढकलायला नियमापेक्षा जास्त जोर लागू शकतो. दुरुस्ती फुकट करून मिळेल, पण सुटे भाग तयार नाहीत, ते आले की दुसरं पत्र येईल. तारीख वगैरे काही नाही.

बस चालूच आहे. आत कुठे चिठ्ठी नाही, सूचना नाही. माझ्या शेजारी रोज बसणाऱ्या बाईंना मी सांगितलं तर त्या म्हणाल्या, "खिडकी उघडते का हे कुणी बघतं का कधी?" तर प्रश्न असे: रिकॉल आल्यावरही बस चालवता येते का? आम्हाला, म्हणजे रोज आत बसणाऱ्यांना, कळवणं कुणावर बंधनकारक आहे का? आणि एखादी खिडकी अडकली तर एवढं काय बिघडतं, बाकीच्या आहेतच की?

रिकामटेकडा:
वाचतोय. जागा अडवून ठेवतो.

गाडीवान:
ताई, ताफ्याच्या देखभालीत बरीच वर्षं काढली आहेत, तेव्हा क्रमाने सांगतो.

बस चालवता येते का? येते. रिकॉल म्हणजे गाडी उभी करा असा हुकूम नव्हे. 'दुरुस्त होईपर्यंत चालवू नका' असं काही रिकॉलमध्ये वेगळं, स्पष्ट लिहिलेलं असतं. ते नसेल तर निर्णय मालकाचा. बंदी आहे ती नव्या, न विकलेल्या गाड्यांवर, त्या दुरुस्त केल्याशिवाय ग्राहकाच्या ताब्यात देता येत नाहीत. रस्त्यावर आधीच आलेल्या बसला तसा अडसर नाही.

कळवायचं कुणाला? दोष किंवा नियमभंग आहे असं बनवणाऱ्याने ठरवलं की कामकाजाच्या ५ दिवसांत एनएचटीएसएकडे, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी वाहतूक सुरक्षा संस्थेकडे, अहवाल द्यावा लागतो. तो अहवाल त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतो. मालकांना पत्रं ६० दिवसांत जायला हवीत. भाग तयार नसले तरी पत्र थांबवता येत नाही, म्हणून आधी एक अंतरिम पत्र येतं आणि मग दुसरं. तुम्ही वाचलंत ते पहिलं. बस भाडेकराराने घेतलेली असेल तर मूळ मालकाने त्या पत्राची प्रत १० दिवसांत भाडेकरूला द्यायची असते.

इथे साखळी संपते. बनवणारा ते मालक, मालक ते भाडेकरू. ज्याच्या नाकासमोर ती खिडकी आहे त्याला कळवायची तरतूद त्यात नाही. ड्रायव्हरने दाखवलं म्हणून तुम्हाला कळलं, एरवी पत्र ऑफिसच्या खणात गेलं असतं.

आगाऊ_कार्टं:
एवढं कशाला डोकं लावायचं? काच फोडायची हातोडीने आणि उडी मारायची. विषय संपला.

स्पॅनर_१३:
@आगाऊ_कार्टं, आधी त्या बसमध्ये हातोडी आहे का ते बघा. तिथल्या बऱ्याच शटलमध्ये हातोडी नसतेच, कारण सगळी व्यवस्था ढकलून उघडणाऱ्या खिडकीवर असते. युरोपातल्या बसमध्ये दिसते ती. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्र. १०७ मध्ये फोडायची खिडकीही संकटकालीन मार्ग म्हणून धरतात आणि तिच्याजवळ हातोडी सक्तीची असते.

दुसरं, काच कोणती आहे? टफन्ड असेल तर कोपऱ्याजवळ टोकदार वस्तूचा एक फटका पुरतो, भुगा होऊन खाली येते. मध्यभागी हाणत बसलात तर ती दाद देत नाही. लॅमिनेटेड असेल तर दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पडदा असतो. तडे जातात, जाळी दिसते आणि काच जागच्या जागी. धुरात उभं राहून हा प्रयोग करायला वेळ नसतो. काच कुठली ते तिच्या कोपऱ्यातल्या बारीक छापावर लिहिलेलं असतं, बसल्या जागी वाचता येतं.

सुमेधा_व्ही:
पण हँडल ओढल्यावर नक्की होतं काय? आणि बिघडतं कुठे? कुणीतरी नीट सांगा, मला त्या खिडकीच्या आत काय असतं याची कल्पनाच नाही.

स्पॅनर_१३:
सांगतो. या खिडकीची चौकट वरच्या कडेला बिजागरीवर टांगलेली असते. खालच्या कडेला एक किंवा दोन खिट्या, त्या बसच्या बॉडीवरच्या खाचेत अडकतात. लाल हँडल वर किंवा आत ओढलं की खिटी फिरून खाचेतून बाहेर येते. मग खालची कड बाहेर ढकलायची. म्हणजे दोन कामं आहेत, सोडवणं आणि ढकलणं. स्टिकरवर ती दोन ओळींत लिहिलेली असतात, आणि घाईत लोक पहिलं करून दुसरं विसरतात. हँडल ओढून वाट बघत बसतात.

बिघाडाच्या जागा बऱ्याच. खाच दोन-तीन मिलिमीटर खाली बसली की खिटी घासत सुटते. आतल्या पॅनेलचा एखादा स्क्रू लांब निघाला तर हँडलचा दांडा त्याच्यावर अडतो, आणि बाहेरून सगळं झकास दिसतं. रबराची पट्टी उन्हात वर्षानुवर्षं तापून चौकटीला चिकटते, खिटी सुटते पण खिडकी हलत नाही. उलटा दोषही असतो, खिटी इतकी सैल की खड्ड्यात खिडकी आपोआप उघडेल. तो पण रिकॉलचाच विषय, कारण अपघातात माणूस बाहेर फेकला जाऊ नये हेही त्याच खिडकीचं काम. तिथल्या मानक क्र. २१७ च्या नावातच दोन्ही आहे, संकटकालीन मार्ग आणि खिडकी जागेवर टिकणं. एकीकडे घट्ट, एकीकडे सैल, आणि एकच खिटी. म्हणून हा भाग सोपा दिसत असला तरी सोपा नाही.

जोराचं माप आहे. सहज हात पोचतो त्या भागात जास्तीत जास्त २० पौंड, म्हणजे ९ किलोच्या आसपास. दुसऱ्या, जिथे अंगाचा जोर लावता येतो तिथे ६० पौंड, साधारण २७ किलो. स्प्रिंगचा काटा लावून मोजतात. 'मी ओढलं, उघडली' याला मोजमाप म्हणत नाहीत. गॅरेजमधला पहिलवान ओढतो तेव्हा सगळ्याच खिडक्या उघडतात.

कागदी_घोडा:
'एक खिडकी अडकली तर काय' या प्रश्नाला आकडेमोडीने उत्तर देता येतं. मानक २१७ प्रमाणे शाळेची नसलेल्या बसमध्ये दर आसनामागे ४३२ चौरस सेंटीमीटर मोकळी जागा लागते. २४ आसनं म्हणजे १०,३६८. यातली किमान ४० टक्के प्रत्येक बाजूला, म्हणजे डावीकडे ४,१४७ आणि उजवीकडे तेवढीच.

आता मेख बघा. एक मार्ग कितीही मोठा असला तरी हिशेबात त्याचे ३,४५८ च धरतात. म्हणजे एका बाजूला एकच भलीमोठी खिडकी देऊन भागत नाही, किमान दोन लागतात. समजा बनवणाऱ्याने नेमक्या दोनच संकटकालीन खिडक्या दिल्या आहेत आणि त्यातली एक अडली. ती बाजू गेली नियमाबाहेर. बाकीच्या काचा दिसायला खिडक्या आहेत, पण त्या पक्क्या बसवलेल्या असू शकतात. ताई, तुमच्या बसमध्ये प्रत्येक बाजूला लाल हँडल किती आहेत ते मोजा. काचा मोजू नका.

मधली_सीट:
मोजली. उजवीकडे दोन, डावीकडे तीन, मागे एक दार, छतात एक झडप. उजवीकडे पुढचं दार आहे म्हणून तिथे दोनच असाव्यात. मागच्या दारासमोर सामानाचा रॅक आहे, दाराचं अर्धं हँडल त्याच्याआड.

गाडीवान:
तो रॅक कारखान्यात बसवलेला आहे की ठेकेदाराने नंतर ठोकलाय ते विचारा. रिकॉलपेक्षा तो मला जास्त खटकतोय.

तीन_पाळ्या:
मी स्वतः शटल चालवतो, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. ड्रायव्हरला शिव्या घालू नका. ही हँडलं प्रवासी उगाच ओढतात. कुणी कोट अडकवतं, कुणाचं पोर खेळतं. मग बझर वाजत राहतो, खिडकी खडखडते, आणि मालक म्हणतो आवाज बंद कर. मी प्लास्टिकच्या पट्टीने बांधलेली हँडलं पाहिली आहेत. एकदा ताब्यात मिळालेल्या बसच्या मागच्या दाराच्या खिटीत चक्क बोल्ट घातलेला होता. तो काढल्याशिवाय मी बस हलवली नाही, आणि दिवसभर त्यावरून बोलणी खाल्ली.

निघण्याआधीच्या तपासणीच्या कागदावर 'संकटकालीन मार्ग' असा एक चौकोन असतो. त्यात टिक करायला एक सेकंद लागतो, प्रत्यक्ष सगळ्या खिडक्या उघडून परत बसवायला पंधरा-वीस मिनिटं. पगार कुठल्या कामाचा मिळतो ते तुम्हीच ओळखा.

गाडीवान:
+१. आणि म्हणूनच संघीय नियमात वेगळी ओळ आहे: बसच्या ढकलून उघडायच्या खिडक्या, संकटकालीन दारं आणि त्यावरचे दिवे निदान ९० दिवसांतून एकदा तपासायचेच. हा नियम त्या कायद्याखाली येणाऱ्या वाहतूकदारांना लागू. कॅम्पसच्या आतल्या आत फिरणारी बस त्यात येते का हे ठेकेदाराच्या परवान्यावर ठरेल. पण '९० दिवसांच्या तपासणीची नोंद दाखवा' असं मागायला परवाना लागत नाही. नोंद असलेला ठेकेदार लगेच दाखवतो. नसलेला आधी विचारतो, तुम्ही कोण.

जुना_खोंड:
नियम कुठून आले ते तरुण मंडळींनी वाचावं. १४ मे १९८८, केंटकीतलं कॅरोल्टन. शाळेची जुनी बस चर्चने घेतली होती, आत ६७ माणसं, बहुतेक मुलं. दारू प्यायलेला माणूस उलट्या दिशेने पिकअप घेऊन आला आणि समोरासमोर धडकला. धडकेने कुणी मेलं नाही. पुढचं दार अडलं, इंधनाची टाकी फुटली, आणि साठाहून जास्त माणसं एका मागच्या दाराकडे धावली. मधली वाट अरुंद, त्यात पेयांचा कूलर ठेवलेला. २७ जण आग आणि धुराने गेले. त्यानंतर १९९२ मध्ये शाळेच्या बसच्या संकटकालीन मार्गांचे नियम कडक झाले.

त्या बसचं मागचं दार उघडलं होतं, हे लक्षात घ्या. बिघाड नव्हता. एकच दार पुरं पडलं नाही. कागदी_घोडा यांनी वर जो प्रत्येक बाजूच्या ४० टक्क्यांचा हिशेब दिलाय त्याच्याकडे त्या नजरेने बघा.

सुमेधा_व्ही:
अंगावर काटा आला. आमच्या आजींच्या केंद्राची बस असते, वॉकर घेऊन चढणारी मंडळी. त्यांना कोण खिडकीतून बाहेर काढणार? नऊ किलो काय आणि सत्तावीस काय.

जुना_खोंड:
सुमेधाताई, तेही झालंय. २३ सप्टेंबर २००५, टेक्सासमधलं विल्मर. रिटा वादळाच्या आधी वृद्धाश्रमातल्या लोकांना हलवत होते. मागच्या उजव्या चाकाच्या बेअरिंगपासून आग लागली आणि २३ जण गेले. स्वतःच्या पायाने उठता न येणाऱ्यांसाठी खिडकी उघडी असून नसल्यासारखीच. अशा बसमध्ये बरोबर किती मदतनीस आहेत आणि आग विझवायचं नळकांडं कुठे आहे, हे खिडकीइतकंच विचारा.

आगाऊ_कार्टं:
बरं, हातोडी रद्द. पण बस आडवी पडली तर वरच्या बाजूच्या खिडक्यांतून चढून जाता येईल ना? त्या तर आभाळाकडे उघडतील.

स्पॅनर_१३:
चांगला प्रश्न. बस कुशीवर पडली की खालच्या बाजूच्या खिडक्या जमिनीवर, संपल्या. वरच्या बाजूच्या आता छत झाल्या. बिजागरी एका कडेला, म्हणजे जड पेटीचं झाकण आतून डोक्याने उचलावं तसं. उचललं तरी धरून ठेवावं लागतं, सोडलं की परत खाली. आणि तिथे हात पोचायला सीटच्या कडांवर चढावं लागतं. अशा वेळी खरी कामाला येतात ती मागचं दार आणि छतातली झडप, कारण आडव्या बसमध्ये छत म्हणजे भिंत, झडप छातीच्या उंचीवर येते. १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर बुलढाण्याजवळ बस दाराच्याच बाजूवर उलटली आणि पेटली, २५ जण गेले. दाराच्या कुशीवर पडलेल्या बसचं दार म्हणजे भिंतच.

म्हणून ताईंच्या बसमधला तो रॅक काढाच. आडव्या बसमध्ये मागचं दार हा राजमार्ग आहे.

मु_पो_बाकावर:
भारतात हे रिकॉल प्रकरण आहे तरी का?

कागदी_घोडा:
आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११० अ आलं, सरकार सक्तीने रिकॉल करायला लावू शकतं. नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू, ७ वर्षांच्या आतल्या गाड्यांना. बसच्या बॉडीसाठी एआयएस-०५२ हे मानक आहे. पण चेसिस (खालचा सांगाडा) एकाचा आणि बॉडी दुसऱ्याची, हा तिढा तिथेही आहे.

मु_पो_बाकावर:
मानकं आहेत, मग स्लीपरमध्ये मागच्या काचेसमोर बर्थ कसा काय बसवतात? आरटीओ...

धागा_राखणदार:
स्लीपर आणि आरटीओवर वेगळा धागा काढा, तिथे मनसोक्त लिहा. इथे रिकॉलपुरतंच. आधीच विषय तीनदा फाटे फोडून आलाय.

मधली_सीट:
एक नवीनच गोंधळ. ऑफिसच्या व्यवस्थापन विभागाला मेल केली. त्यांनी ठेकेदाराला विचारलं. त्याने उत्तरादाखल एक स्क्रीनशॉट पाठवला: बसचा १७ अक्षरांचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून शोधलंय आणि निकाल 'कोणताही रिकॉल प्रलंबित नाही'. मी तर पत्र डोळ्यांनी वाचलंय! खोटं कोण बोलतंय?

गाडीवान:
कुणीच नाही, आणि तीच पंचाईत आहे. ही शटल दोन-तीन हातांतून जन्माला येते. मोठी मोटार कंपनी पुढची केबिन, इंजिन आणि मागे उघडा सांगाडा असा अर्धवट ट्रक विकते. त्यावर बॉडी बिल्डर बस बांधतो. खिडक्या तो कुठल्यातरी तिसऱ्याकडून तयार घेतो. व्हीआयएन मात्र चेसिसवाल्याने दिलेला. त्याच्या संकेतस्थळावर तो नंबर टाकला तर इंजिन, ब्रेक, एअरबॅग यांचे रिकॉल दिसतील. बॉडीवाल्याच्या खिडकीचा रिकॉल त्याच्या यादीत येईलच असं नाही. ऑनलाइन शोधाची सक्ती मोठ्या, हलक्या गाड्या बनवणाऱ्यांवर आहे, छोटे बॉडी बिल्डर त्यात येत नाहीत.

बॉडीची स्वतःची पाटी असते, बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीत किंवा चढायच्या पायरीजवळ. त्यावर बॉडी बिल्डरचं नाव, बांधणीचा महिना आणि अनुक्रमांक. तो घेऊन बॉडी बिल्डरला फोन करायचा आणि एनएचटीएसएच्या संकेतस्थळावर त्याच्या नावाने रिकॉल शोधायचा. अहवालात कुठल्या तारखांमध्ये बांधलेल्या बस ते दिलेलं असतं. पाटीवरचा महिना त्यात बसतो का एवढंच बघायचं.

तीन_पाळ्या:
आणि सेकंडहँड घेतलेली बस असेल तर पत्र जुन्या मालकाच्या पत्त्यावर जाऊन पडलेलं असतं. असल्या बसनी पाच-पाच मालक बघितलेले असतात. हॉटेल, मग विमानतळ, मग चर्च, मग वृद्धाश्रम.

कागदी_घोडा:
फुकट दुरुस्तीलाही मुदत आहे, पहिल्या खरेदीपासून १५ वर्षं. त्यापुढच्या बसला बनवणारा पैसे मागू शकतो. म्हणजे सगळ्यात जुनी बस, सगळ्यात म्हातारे प्रवासी, आणि खर्च आपला.

मधली_सीट:
ताजी खबर. पाटी ड्रायव्हरच्या दारात सापडली, फोटो व्यवस्थापनाला पाठवला. बांधणीचा महिना रिकॉलच्या तारखांत बसतो. एनएचटीएसएवर अहवालही मिळाला. मग ठेकेदाराचा सूर बदलला. भाग आलेले नाहीत, पण ती बस मार्गावरून काढून दुसरी दिलीय, आणि पहिलीचा मागचा रॅक काढताहेत.

नव्या बसमध्ये मी ड्रायव्हरला सांगितलं, उभी असताना एक खिडकी उघडून दाखवा. त्याने मलाच ओढायला लावलं. हँडल आत ओढलं, खट् आवाज आला, पुढे बझर कोकलायला लागला. खालची कड तळहाताने ढकलली तर हलेना. दुसऱ्यांदा खांदा लावला तेव्हा रबर सुटल्याचा चर्र आवाज होऊन उघडली. ड्रायव्हर म्हणाला, ही गेल्या कित्येक महिन्यांत कुणी उघडलेलीच नसणार. पूर्ण ओळ उघडून घेतली त्याने, शेवटच्या तीन खिडक्या एका हाताने उघडल्या.

स्पॅनर_१३:
रबर चिकटलं होतं. सिलिकॉनचा फवारा मारायला सांगा, ग्रीस नको, ग्रीसने धूळ धरते. आणि परत लावल्यावर खिटी खाचेत पूर्ण बसलीय ना ते बाहेरून बघायचं. अर्धवट बसलेली खिडकी वळणावर उघडते.

सुमेधा_व्ही:
ताई, ती मेल इथे टाकता का? आजींच्या केंद्राला तशीच पाठवते.

मधली_सीट:
ही घ्या, नावं काढून: "आपल्या शटल बसच्या संकटकालीन खिडक्यांबाबत रिकॉल असल्याचं समजलं. कृपया कळवा: १) आमच्या मार्गावरच्या प्रत्येक बसला तो लागू आहे का, २) दुरुस्ती झाली असल्यास तारीख, नसल्यास तोवर कोणती बस वापरणार, ३) खिडक्या व दारं शेवटची कधी उघडून तपासली त्याची नोंद." एवढंच. रागावून लिहिलेला आधीचा मसुदा नवऱ्याने पाठवू दिला नाही.

गाडीवान:
झकास आहे. फक्त पहिल्या मुद्द्यात 'बॉडी बिल्डरचं नाव आणि बॉडीचा अनुक्रमांक यासह' एवढं घाला. नाहीतर तोच चेसिसचा स्क्रीनशॉट परत येईल.